आठ जीबीतला आवाज

प्लेअरवर पुन्हा तेच, ‘नो डिव्हाइस’. मी पेनड्राइव्ह काढला, पुसला, परत लावला. नाहीच.

“राहू दे गं, मोठीचाच लाव,” सासूबाई म्हणाल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना पोथी वाचता येत नव्हती, म्हणून पुण्याच्या मोठ्या जाऊबाईंनी सगळे अध्याय स्वतः वाचून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर पाठवले होते. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायची मी, आणि घरात आवाज जाऊबाईंचा. मग मीही सगळे अध्याय वाचून रेकॉर्ड केले आणि त्यासाठी मुद्दाम एकशे अठ्ठावीस जीबीचा पेनड्राइव्ह आणला होता.

“हा प्लेअर बत्तीसच्या वरचा घेत नाही,” नवरा म्हणाला. “तुला मोठाच हवा होता ना?”

मग जाऊबाईंचं पुसून तिथे माझं भरायचं ठरवलं. लॅपटॉपवर आधी त्यांचा शेवटचा अध्याय ऐकला. वाचन संपलं, पण रेकॉर्डिंग बंद करायला त्या विसरल्या होत्या.

“आई फोनवर रोज धाकटीचंच कौतुक करतात,” त्या दिरांना सांगत होत्या. “आता महिनाभर माझाच आवाज ऐकू देत.”

मी काहीच पुसलं नाही. सासूबाईंना शेवटचा अध्याय त्याच दिवशी लावून दिला, आणि तो संपल्यावरही प्लेअर बंद केला नाही.