आतून कडी

शेजारच्या गल्लीतली चार घरं टॉर्नेडोत गेली, तेव्हा मोरेश्वरने शेल्टर बांधायला घेतलं. तो अमेरिकेत अर्विंगला स्थायिक झालेला निवृत्त सिव्हिल इंजिनियर. गॅरेजच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हातांनी काँक्रीटचे ब्लॉक रचले, सळया घातल्या, पोलादी दार बसवलं. कडी फक्त आतून होती.

२००७च्या एप्रिलमध्ये, भर दुपारी सायरन वाजला. मोरेश्वर आणि त्याची बायको वीणा गॅरेजमध्ये धावले. त्याने दार ओढलं. ते उघडेना.

"अडकलं का?" वीणाने विचारलं.

"नाही. आतून कडी लागलीय."

घरात दोघांशिवाय कोणीच नव्हतं.

"सकाळी मीच आत झाडून आले," वीणा म्हणाली.

बाहेर आभाळ हिरवट झालं होतं. गॅरेजचं शटर थरथरू लागलं. मोरेश्वरने सगळा जोर लावून पुन्हा ओढलं, पण दार हललं नाही.

"बाथरूममध्ये चल, तिथे खिडकी तरी नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात आतली कडी सावकाश सरकली. दार बोटभर उघडलं.

वीणाने फटीतून बॅटरीचा झोत टाकला. चार कोऱ्या भिंती आणि एक बाक. आत कोणी नव्हतं.

"आत नको जायला," ती म्हणाली.

डोक्यावरचं छप्पर कडाडून उचकटलं. मोरेश्वरने तिला आत ढकललं, मागोमाग शिरून दार ओढलं. बॅटरी पडली आणि विझली. अंधारात वीणाने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"कडी लाव," ती कुजबुजली.

त्याने हात सोडवण्याआधीच कडी लागली.