अर्ध्या पेनीचं वजन

टॅम्सिननं चिमट्यानं नाण्याचा तुकडा उचलला आणि काट्यावर ठेवला. इंग्लंडमधल्या लाउथ गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा ती असं टेबल मांडून बसायची. जमिनीत सापडलेल्या वस्तू लोक घेऊन यायचे आणि ती त्या ओळखून, मोजून सरकारी नोंदीत घालायची. आज सकाळपासून तिच्यापुढे चौदा बटणं आणि बिअरच्या बाटलीचं एक झाकण येऊन गेलं होतं. चांदी बघून तिला बरं वाटलं.

समोर क्लिफ लेगट आणि त्याची बायको मेव्हिस बसले होते. दोघंही पंचाहत्तरीचे. बोलत होता एकटा क्लिफ. पालिकेकडून भाजी लावायला भाड्यानं घेतलेल्या जमिनीत बेचाळीस वर्षांपूर्वी हे कसं मिळालं, ते तो रंगवून सांगत होता. कोपऱ्यावरच्या पबात त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की लोक नेमके कुठे हसतात तेही त्याला पाठ होतं.

"आख्खी पेनी होती हो. पण आमच्या बाईसाहेब बटाटे काढायला उतरल्या. घातलं फावडं, केले दोन तुकडे. आठशे वर्षं सुखरूप होती बिचारी, हिच्या तावडीत सापडली आणि संपली."

मेव्हिस पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. लेकीच्या लग्नातही त्यानं हेच सांगितलं होतं. ती नेहमी सगळ्यांबरोबर हसायची आणि दर वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काट्यानं शून्य पूर्णांक अडुसष्ट शतांश ग्रॅम दाखवलं. टॅम्सिननं आकडा लिहून घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि तुकड्याची सरळ कड बराच वेळ निरखली. मग तिनं भिंग मेव्हिसच्या हातात दिलं आणि कडेवर काय दिसतं ते विचारलं.

मेव्हिस म्हणाली, काही नाही, गुळगुळीत आहे.

"तेच तर. फावड्यानं तुटली असती तर कड धारदार राहिली असती. ही नाण्यावरच्या राजाच्या चेहऱ्याइतकीच झिजलीय. त्या काळी पेनीहून लहान नाणं पाडतच नव्हते. सुटे हवे असले की मागच्या बाजूला क्रूस असतो, त्याच्या रेघेवरून पेनी कापायची. ही टाकसाळीतच कापलीय. वजनही बरोबर अर्ध्या पेनीचं आहे."

क्लिफ हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. त्यानं विचारलं, काट्यात काही गडबड तर नाही ना? टॅम्सिननं तुकडा उचलून पुन्हा ठेवला. आकडा तोच आला.

"म्हणजे दुसरा तुकडा तिथे नाहीच?" मेव्हिसनं विचारलं.

"नाही. तो दुसऱ्या कुणाच्या खिशातून गेला असेल. पाव, मासळी, कशालाही."

मेव्हिसनं भिंग खाली ठेवलं. दर ऑक्टोबरात बटाटे निघाले की ती त्या वाफ्याची माती चाळणीनं चाळायची. कांद्यासाठी माती मोकळी करते, असं सांगायची. कंबर धरून घरी यायची, आणि क्लिफ म्हणायचा, एवढी बारीक माती काय राणीसाहेबांना वाढायचीय?

"मी त्यासाठी चाळत होते, क्लिफ," ती हळूच म्हणाली. "तुला तो शोधून द्यायचा होता."

क्लिफनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पबातलं एकही वाक्य त्याच्या कामाचं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण असं काही बोलून दाखवणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

टॅम्सिननं फॉर्म पुढे ओढला. वस्तू कुणाला सापडली, तिनं विचारलं. क्लिफनं बायकोकडे बोट दाखवलं. टॅम्सिननं मेव्हिसचं नाव लिहिलं, मग 'स्थिती' या रकान्यापाशी येऊन तिथे 'पूर्ण' असं लिहिलं.

"अर्धी आहे, आणि पूर्ण कशी?" क्लिफनं विचारलं. आवाजात आता थट्टा नव्हती.

"अर्धी पेनी म्हणून ती पूर्णच आहे, मिस्टर लेगट. काहीही तुटलेलं नाही."

मेव्हिसनं चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. स्वतःच्या नावावर ती जरा थांबली. खाली सही केली, पेनचं टोपण लावलं आणि पेन टॅम्सिनला परत दिलं.

"ह्याच्या दोन प्रती मिळतील का हो?" तिनं विचारलं. "एक घरी ठेवीन. दुसरी क्लिफ पबात वाचून दाखवील."