खडूची रेघ

गाडी सुरूच्या बनात घालून मोरेश्वरने ती मागेपुढे करत समुद्राच्या कडेने आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि मान वळवून विचारलं, "दिसतोय का गं समुद्र?"

"दिसतोय की," मागच्या पलंगावरून त्याची बायको म्हणाली. "आज अगदी निळाशार आहे. तुम्ही चहा टाका बघू."

हे फिरतं घर त्याने तिच्या हौसेसाठीच करून घेतलं होतं. खिडकी कापायच्या दिवशी तिला गॅरेजात नेऊन पलंगावर बसवलं होतं आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीला पत्र्यावर खडूने रेघ मारली होती. गाडी रंगून येईपर्यंत दुखणं मणक्यात उतरलं आणि तिचं उठून बसणं संपलं. तरी निघायचा हट्ट तिचाच. पुढे देवगडला, मालवणला त्याने तेच विचारलं. तिने कधी होड्या मोजल्या, कधी लाटांचं कौतुक केलं.

वेंगुर्ल्याला ती गेली. तिथेच सगळं उरकून तो एकटा माघारी फिरला. निदान डोळे भरून समुद्र बघून गेली, एवढंच तो फोनवर सगळ्यांना सांगत होता.

वाटेत त्याच सुरूच्या बनात त्याने सवयीने गाडी आडवी लावली. मान वळली, प्रश्न ओठांशी येऊन थांबला. मग तो मागे गेला आणि पहिल्यांदाच तिच्या जागेवर आडवा झाला. तिच्या उशीवर डोकं टेकून त्याने खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत नुसतं आभाळ होतं. अगदी निळंशार.