चारशे बारा खिळे

मेल्रॉयने मुडदुशा माशांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि रोजच्यासारखं दारातूनच ओरडून सांगितलं, "काका, आज आपली होडी पाण्यावर बदकासारखी चालली!"

आतल्या खाटेवरून लिओनार्डचा जड आवाज आला. "बदक न्हाय ती. बाई हाय."

लिओनार्डची बायको आयरिन हसली. मेल्रॉय हसला नाही. तो लिओनार्डच्या थोरल्या भावाचा मुलगा. हंगाम सुरू झाल्यापासून रोजची मासळी तोच आणून देत होता.

"पाणी येतं का आत?" लिओनार्डने विचारलं. एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागे.

"थेंब न्हाय, काका."

"अरे वा. मी न्यायचो तवा निम्मा वेळ पाणीच उपसायचो."

मेल्रॉयने काकीकडे पाहिलं.

"फटी भरून घेतल्या ना पावसाळ्यात," आयरिन म्हणाली.

"बरं केलं."

मे महिन्याच्या शेवटी लिओनार्डची उजवी बाजू लकव्याने गेली. तीन आठवडे तो मीरा रोडच्या एका इस्पितळात होता. त्याच दिवसांत वादळ आलं आणि उत्तनच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोन होड्या लाटांनी उचलून खडकावर आपटल्या. जीभ वळायला लागल्यावर त्याने पहिला शब्द उच्चारला तो, "आपली?"

"वाचली," आयरिन म्हणाली होती. मनाला धक्का बसेल असं काही नको, असं डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं.

होडी तशी लहानच. वल्ह्याची. खडकांच्या आतल्या संथ पाण्यात जाळं टाकायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी यायचं, एवढाच तिचा पल्ला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लिओनार्डने ती बांधून घेतली. तेव्हा उत्तनला बसही मोजक्याच यायच्या. सुतार पंधरा दिवस त्यांच्याच अंगणात राहिला, आयरिनच्या हातचं जेवला, आणि लिओनार्डने प्रत्येक खिळा मोजून त्याच्या हातात दिला. चारशे बारा. त्यातले शेवटचे चार पितळेचे, नावाच्या फळीसाठी. फळीवर पहिल्या मुलीचं नाव, फ्लेव्हिया. फ्लेव्हिया आता कुवेतला नर्स आहे. पप्पा माझा वाढदिवस विसरले पण होडीचा कधी विसरले नाहीत, असं ती अजून फोनवर ऐकवते.

"परवा रविवार," लिओनार्ड म्हणाला.

चर्चमधून मिळालेली चाकांची खुर्ची भिंतीला टेकून उभी होती. मिस्सेची प्रार्थना झाली की मला धक्क्यावर न्या, होडी दाखवा, असं तो आठवडाभर म्हणत होता.

"चिखल हाय रे काका धक्क्यावर. चाकं रुततील."

"चिखलातच जल्म गेला माझा."

"बघू," आयरिन म्हणाली आणि पिशवी उचलून मागच्या अंगणात गेली.

मेल्रॉय तिच्या मागोमाग आला. हळू आवाजात म्हणाला, "काकी, किती दिवस असं रेटशील?"

"त्याला ताप आला सांगेन. नायतर मलाच आला सांगेन."

"आणि पुढच्या रविवारी?"

आयरिनने पिशवीतली मासळी परातीत ओतली. धक्क्यावर नेलं तर लिओनार्ड खुर्चीत गप्प बसून राहणारा माणूस नव्हता. डॉक्टरांचा शब्द तिच्या छातीवर दगडासारखा होता. मेल्रॉय निघून गेला.

मुडदुश्या साफ करून तिने त्यांना हळद-मीठ लावलं. लिओनार्डचं आयुष्यभराचं पालुपद होतं, कालवण चुलीवरच व्हायला पाहिजे. तीस वर्षं तिने ते कानाआड केलं आणि गॅसवर शिजवलं. तो इस्पितळातून आल्यापासून मात्र ती रोज त्याच्या खिडकीखालची चूल पेटवत होती.

माडाखालचं प्लास्टिक तिने उचललं. पावसाळ्यात कमरेइतका असलेला लाकडांचा ढीग आता संपत आला होता. एक लाकूड तिने ओढून घेतलं. तळाशी एकच उरलं, पालथं. ते उद्याला.

लाकूड लगेच पेटलं. त्याच्या धुराला तेलकट वास होता.

"कुठलं ग लाकूड?" खिडकीतून आवाज आला.

"सांगितलं ना, पडक्या घराचं हाय. मेल्रॉयने टाकलंय."

"चांगलं जळतं."

मडक्यात लसूण तडतडला, बाटली मसाला पडला, चिंचेचा कोळ, मग मासे. कालवण उतरवून तिने निखारे पांगवले आणि चिमट्याने त्यातले खिळे वेचून दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकले. शेजारच्या पोरांच्या पायात जायला नकोत. टक. टक. टक.

आत येऊन तिने भात कालवला. काटे काढून एकेक घास त्याच्या तोंडात दिला. डाव्या बाजूने तो सावकाश चावत होता. ओघळ आला की ती पदराने पुसत होती.

"कसं झालंय?"

"पयल्यासारखं."

"लिओ," ती म्हणाली, "या रविवारी राहू दे. माझं अंग मोडून आलंय."

"राहू दे."

इतक्या लवकर तो मानेल असं तिला वाटलं नव्हतं. ती ताट घेऊन उठायला लागली, तशी त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. आठ महिन्यांत त्या हाताला एवढा जोर आलेला तिने पाहिला नव्हता.

"रोज मोजतो मी, आयरिन. तीनशे साठ झाले. बाकीचे दर्याने नेले असतील," तो म्हणाला. "पितळेचे चार अजून वाजले न्हाईत. ती फळी जाळू नको."