तांदळातलं नाव

निषादने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘समृद्धी’ लिहिलं आणि ताट नोंदणीच्या यंत्रासमोर धरलं. नवरीची पाठराखीण म्हणून आलेली तिची धाकटी बहीण ऋजुता खवळली.

“अहो भावोजी, माझ्या ताईचं केतकी हे नाव काय वाईट होतं?”

“कोण केतकी?” निषाद खरोखरच गोंधळला.

यंत्राने नाव बदललंसुद्धा, हे ऋजुताच्या लक्षात आलं. मोठी माणसं आता नावं डोक्यात ठेवायचीच नाहीत. त्यांच्या मेंदूत बसवलेल्या चिपमध्ये नाव कुठे ठेवलंय याचा नुसता पत्ता असायचा आणि नाव असायचं सगळ्यांच्या मिळून एकाच भांडारात. तिथे बदललं की सगळ्यांच्या डोक्यातून जुनं गेलंच! चिप अठराव्या वर्षी बसायची, म्हणून पंधरा वर्षांची ऋजुता तेवढी वाचली होती.

तिने आईला फोन लावला. “आई, यांनी केतकीताईचं नाव बदललं गं!”

“कोण केतकी? आपली समृद्धी जेवली का, ते सांग आधी.”

चोवीस वर्षं त्याच नावाने हाका मारणारी आई! ऋजुताने फोन आपटला आणि धावत जाऊन नवरीचे दंड गच्च धरले.

“केतकी! अगं, तू केतकी आहेस!”

नवरीने तिचे डोळे पुसले आणि कौतुकाने हसली.

“गोड नाव आहे गं. तुझ्या मैत्रिणीचं का?”