पूर्ण अनाथ

"ही आजी तुझी कोण लागते?" अनाथालयाच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," मुलगी म्हणाली.

"घरी कोण कोण असतं?"

"घर नाही."

उत्तरं कशी खणखणीत. का नसतील? आजीने रोज समोर बसवून घोकून घेतली होती. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी बाई दिसली की सगळं जग तिला आजी म्हणतं, मोठ्या बाईही म्हणत होत्या. फक्त सख्ख्या नातीला आज तो शब्द तोंडातून काढायची बंदी होती.

नियमच तसा होता. नुसते आईबाप जाऊन इथे भागत नसे. लांबच्या देशातले दाते पूर्ण अनाथ असेल त्यालाच खाट देत. रक्ताचं एकही माणूस मागे उरलेलं असलं की मूल बाद, मग ते माणूस स्वतः का घटका मोजत असेना. डॉक्टरांनी आजीला परवा सांगितलं होतं, "आता आवडेल ते खा." औषध काही लिहून दिलं नव्हतं. त्याचा अर्थ न कळायला ती खुळी नव्हती. डोळे मिटायच्या आत पोरीची कुठेतरी सोय लागावी, एवढ्यासाठीच तिचा जीव अडकला होता.

"तुम्हाला कुठे सापडली ही?"

"बस थांब्यावर. सकाळी. एकटीच रडत होती, म्हणून घेऊन आले."

"हिच्याबद्दल आणखी काही माहिती?"

"मला काय माहिती असणार बाई? वाटेवरचं पोर." एवढं बोलून आजीला खोकल्याची उबळ आली. मुलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेही शिकवलेलं होतं.

मोठ्या बाईंनी मुलीला आतली खोली दाखवली. ओळीने खाटा होत्या, खिडकीजवळची रिकामी. वर घडी केलेलं ब्लँकेट. मुलगी काठावर बसली, मग हळूच मागे सरकली.

"ही माझी एकटीची?"

"एकटीची."

मुलीने उशीवर हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

नव्या मुलाचे केस काढल्याशिवाय त्याला खाटेवर झोपू देत नसत. उवांचा बंदोबस्त. आयाने तिला अंगणात स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती फडकं बांधलं आणि मशीन सुरू केलं. आजीला अंगठा द्यायला थांबवून ठेवलं होतं. ती मुद्दाम फाटकाकडे तोंड करून बसली. कालच न्हाऊ घालून विंचरलेले केस होते ते. बघायचं नाही, असं तिने हजारदा मनाला बजावलं. पण मन कुणाचं ऐकतं! तिने मान वळवली, तर मशीन मुलीच्या डाव्या कानापाशी पोहोचलं होतं.

"अगं, तिथे जपून!" आजी ओरडली. "कानामागे चामखीळ आहे तिच्या. फणी लागली तरी भळाभळा रक्त येतं!"

आयाने मशीन बंद केलं.

आजीने पदर तोंडात कोंबला, पण आता त्याचा काय उपयोग?

"मी नाही ओळखत हिला," मुलगी घाईघाईने म्हणाली. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर केस. "खरंच नाही ओळखत. आणखी विचारा ना. काहीही विचारा."

मोठ्या बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. त्या आजीशेजारी येऊन बसल्या. त्या वाईट नव्हत्या, आणि म्हणूनच ते सगळं जास्त वाईट होतं.

"मागे एकीचा मामा निघाला, आजी. वरून माणसं आली. ती मुलगी तर गेलीच, तिची खाटही उचलून नेली. आणखी एक खाट गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मामा धडधाकट असेल, बाई. माझं काय, मी आज आहे, उद्या नाही."

"मग उद्या आणा," मोठ्या बाई बोलून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

"तेव्हा मी कशी आणू?" आजीने विचारलं. ती भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

मोठ्या बाई उठल्या. आतून एक ब्लँकेट आणि साबणाची वडी घेऊन आल्या. बाद झालेल्यांना एवढं द्यायची मुभा होती. आया म्हणाली, "असं अर्धवट कसं पाठवायचं? थांबा, पुरतं करून देते." तिने उरलेले केस काढले. चामखिळीला मात्र जराही धक्का लागू दिला नाही.

फाटकाबाहेर मुलगी ब्लँकेट छातीशी धरून चालत होती.

"आजी."

"काय गं?"

"तू कधी मरणार?"

विचारण्यात काही वाकडं नव्हतं. जेवायला कधी वाढणार, असं विचारावं तसंच तिने विचारलं होतं.

"नाहीतर ती खिडकीजवळची दुसरं कुणीतरी घेईल," ती म्हणाली.

आजीला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली.

"घाई करते हं बाळा," ती म्हणाली. मग तिने मुलीचा हात घट्ट धरला, दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या नीट बघितल्या आणि तिला घेऊन जपून रस्ता ओलांडला.