मोराचे उरलेले पत्ते

वाळवीनं अख्खा मोर खाल्ला होता. चादरींच्या कारखान्यात नक्षी काढणाऱ्या मल्लिकार्जुननं माळ्यावरची पेटी उघडून आत हात घातला, तर नुसता भुगा हाताला लागला. मागावर मोराची नक्षी विणून घेणारे, भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे सहाशे पत्ते होते. एका पत्त्याची चादरीवर एक आडवी ओळ. सगळ्या ओळींची माती झाली होती.

मागावरची मोराच्या पत्त्यांची ओवलेली माळ सहा वर्षं फिरून झिजली, म्हणून गेल्याच आठवड्यात ती रंगखात्याच्या भट्टीत घातली. माळ्यावर पत्त्यांची दुसरी जोड आहे की, मग काळजी कसली! पण सहा वर्षांत ही पेटी एकदा उघडून बघावी, असं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. आता बोला.

"तू तर मोरात दर साली कायतरी बदलायचास," मालक रुद्रप्पा म्हणाले. "त्याची जोड ठेवली न्हाईस व्हय?"

"ठेवलीया की. पण बदललेल्या पत्त्यांचीच. पुठ्ठा वाचतो, आठ दिसांचं काम वाचतं, म्हणून तुमीच पाठ थोपटली हुती."

रुद्रप्पांनी मान खाजवली. "सोमवारपातुर बघ काय जमतंय. न्हायतर कमळ चढवायचं."

कमळाशी मल्लिकार्जुनचं काही वाकडं नव्हतं. पण मोराच्या सगळ्या चादरी मुंबईला विकल्या गेल्या होत्या आणि घरातली एकुलती एक त्यानं पौषात बायको सुंदरम्मा वारली तेव्हा तिच्या अंगावर घातली. ती तिच्याबरोबरच गेली. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. त्याला एक मोर घरी न्यायचा होता, एवढंच.

बदललेल्या पत्त्यांच्या पुड्या सुंदरम्माच्या ट्रंकेत होत्या. तिनं कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. एकाहत्तर सालापासूनच्या पाच पुड्या, एका पत्त्याला धक्का नाही. त्यानं ते पत्ते नंबरवार लावले, मधल्या जागी भोकं नसलेले कोरे पत्ते घातले आणि माळ ओवली.

सुट्टीच्या दुपारी कारखान्यात एकटाच माग चालू झाला. कवडशात कापसाची तुसं तरंगत होती. पांढरं कापड हळूहळू खाली सरकत होतं आणि मल्लिकार्जुनला धड जाग नव्हती, धड झोप नव्हती. कापडावर पायांची पट्टी उमटली. डबा घेऊन आलेली सुंदरम्मा शेजारी उभी होती. दर साली ठेवायची तसं तिनं कापडावर बोट ठेवलं. "पाय बोडकं दिसत्यात. वाळं घाला की." मग पुन्हा नुसतं पांढरं. मग एक दाणा. "अय्यय्यो, उपाशी ठेवता व्हय त्याला?" पुन्हा पांढरं, खूप वेळ. मग डोळा. "ह्यो झोपलाय. उठवा त्याला."

माग थांबला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. रुद्रप्पा मागं कधी येऊन उभे राहिले, त्याला कळलं नाही.

"आरं, ह्यात मोर कुटं हाय?"

मल्लिकार्जुननं चादर उतरवली आणि जपून घडी घातली.

"मोर मी काढला हुता, मालक. त्यो गेला. तिनं बोट ठेवलं हुतं, तेवढंच ऱ्हायलं."